गोधडी विकताना नवा प्रयोग कसा करावा: हाताने वस्तू घडवणाऱ्या नव्या व्यावसायिकांसाठी

एका दिवाळीत आम्ही महिनाभरात चार नव्या गोष्टी केल्या. इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाकली, ओळखीच्या सोसायटीत दोन दिवस टेबल मांडलं, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग बनवला आणि प्रत्येक गोधडीला ती कुणी शिवली हे सांगणारी चिठ्ठी लावली. विक्री दरवर्षीपेक्षा चांगली झाली, पण कशामुळे झाली ते कळलं नाही. पुढच्या दिवाळीत तेच चारही पुन्हा केलं, जिवाचं रान केलं, आणि निम्म्या गोधड्या कपाटातच राहिल्या. तेव्हा एक दोनशे पानी वही आणली. पुढे जे सांगते आहे ते त्या वहीतून शिकलेलं आहे.

मी पुण्यात राहते. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या, बाळाची दुपटी आणि उरलेल्या तुकड्यांचे बटवे असा आमचा लहानसा व्यवसाय. शिवणाऱ्या चौघी आहेत. रंग जुळवणं आणि विकणं माझ्याकडे. तुम्ही वारलीच्या वस्तू करत असाल, टेराकोटाचे दागिने किंवा क्रोशाचं काम करत असाल, तरी यातलं बरंचसं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल.

आधी हातांचा हिशेब मांडा

जाहिरातीचा विचार करण्याआधी हे काम करा. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात.

पाच बाय सात फुटांची गोधडी, संपूर्ण धावदोऱ्याने भरलेली. घरचं सगळं आवरून दुपारी दोन-तीन तास बसणाऱ्या बाईला ती पुरी करायला बारा ते पंधरा दिवस लागतात. चौघी मिळून महिन्याला आठ, फार तर नऊ गोधड्या होतात. म्हणजे महिन्याला मी आठ-नऊच विकू शकते. एखादी रील खूप चालली आणि तीस ऑर्डर आल्या, तर वीसहून जास्त माणसं तीन-तीन महिने वाट पाहणार. त्यातली निम्मी नाराज होणार. त्याहून वाईट म्हणजे शिवणाऱ्या घाई करणार. घाईत टाका लांब पडतो, आणि लांब टाक्याची गोधडी चार-सहा धुण्यांत दोरे सोडायला लागते. गोधडी वर्षानुवर्षं अंगावर घ्यायची वस्तू आहे. ती उसवली की आपलं नावही त्याबरोबर उसवतं.

म्हणून एका कागदावर प्रत्येक वस्तूपुढे लिहा: एक नग करायला किती दिवस लागतात, महिन्याला किती होतात, एकाला खर्च किती येतो. आकडे समजा असे आहेत: शिवणावळ १,८०० रुपये, कापड ५००, दोरा-धुणं-इस्त्री १५०, पॅकिंग १००. एकूण २,५५०. विक्रीची किंमत ४,२००. उरले १,६५०. यातून कुरिअर, फोटो, फोनचं बिल आणि तुमची स्वतःची मजुरी जाते. आपली मजुरी धरायला विसरू नका. घरात बसून केलेलं काम म्हणून ती शून्य धरायची सवय फार जुनी आहे आणि ती मोडायलाच हवी. हे सगळं वजा केलं की एक गिऱ्हाईक मिळवण्यासाठी किती रुपये खर्च करायला परवडतात ते कळतं. आमच्या गोधडीसाठी ही रक्कम चारशे रुपये धरू.

आता हा आकडा वापरून बघा. कुणी सांगितलं की दोन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉलचं भाडं सहा हजार आहे. सहा हजार भागिले चारशे म्हणजे पंधरा गोधड्या तिथे विकल्या गेल्या तरच भाडं वसूल. आमच्याकडे महिन्याला होतात नऊ. म्हणजे नुसत्या गोधड्या घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही. बटवे, दुपटी सोबत हवीत, नाहीतर पुढच्या ऑर्डरी नोंदवून घेण्याची तयारी हवी. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात आणि सहा हजार वाचतात.

वही: दोन प्रश्न

नवीन काहीही करण्याआधी महिनाभर फक्त नोंद ठेवा. तारीख, काय विकलं, किती रुपयांना, पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक की जुनं, आणि शेवटी एक रकाना: कुठून कळलं?

सुरुवातीला मी एवढंच विचारायचे आणि उत्तर ठरलेलं यायचं, "इन्स्टावर बघितलं." त्यावरून इन्स्टाग्रामच सगळं काम करतंय असा माझा समज झाला होता. मग एकदा एका ताईंनी आपणहून सांगितलं, "फोटो सहा महिने बघत होते हो, पण नणंदेकडे राहायला गेले तेव्हा तुमची गोधडी अंगावर घेतली आणि ठरवलं." त्या दिवसापासून मी दोन प्रश्न विचारते: पहिल्यांदा कुठे पाहिली, आणि घ्यायची असं कधी ठरवलं? दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा वेगळी असतात. फोटोने ओळख होते, हाताला लागल्यावर विक्री होते. हे कळल्यावर आमचं अर्धं काम बदललं. कापडाचे हातभर आकाराचे, शिवून पूर्ण केलेले नमुने आम्ही जुन्या गिऱ्हाइकांकडे ठेवायला दिले, घरी येणाऱ्याला दाखवता यावेत म्हणून.

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पार्सल पोचल्याचा निरोप आला की लगेच विचारा. त्या वेळी माणूस खुशीत असतो आणि मनापासून सांगतो.

प्रयोग सुरू करण्याआधी लिहून काढा

मनातला प्रयोग दर दोन दिवसांनी बदलतो, कागदावरचा बदलत नाही. आमच्या वहीतली एक नोंद आहे तशी देते:

काय: दुपट्याच्या फोटोत पाठची बाजूही दाखवायची.
किती दिवस: १५.
खर्च: काही नाही.
काय मोजायचं: किंमत विचारणारे किती, त्यांतले घेणारे किती.
कधी चालू ठेवायचं: विचारणाऱ्यांपैकी घेणारे आधीपेक्षा जास्त निघाले तर.

शेवटची ओळ आधीच लिहिणं महत्त्वाचं आहे. पंधरा दिवसांनी आपलं मन प्रयोगाच्या बाजूने झुकलेलं असतं, "लाईक तर खूप आले" अशी समजूत काढायला लागतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. फोटोही नवे, किंमतही नवी आणि मजकूरही नवा, असं केलं की आमच्या त्या दिवाळीसारखं होतं. तुलना करतानाही सारख्याला सारखं लावा. आषाढातल्या विक्रीशी दिवाळीची तुलना करून काहीच कळत नाही. गोधडीच्या बाबतीत तर थंडी पडली की विक्री आपोआपच वाढते. आणि आपले आकडे लहान असतात हे लक्षात ठेवा. पाचाच्या जागी सात ऑर्डरी आल्या म्हणजे सिद्ध झालं असं नाही. तोच प्रयोग महिन्याभराने पुन्हा करून बघा, तेव्हाही तसंच झालं तर धरून ठेवा.

बिनखर्चाचे प्रयोग आधी

फोटोपासून सुरुवात करा. आम्ही रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढायचो. निळीचा रंग काळा दिसायचा, हळदी रंग पांढुरका. आता सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीजवळ काढतो, थेट ऊन नसलेल्या बाजूला. गोधडी जमिनीवर पसरून वरून काढलेला फोटो नकाशासारखा दिसतो. तीच खाटेवर अर्धी उलगडून, एक कोपरा उलटा करून ठेवली की तिचं वजन, तिचा मऊपणा जाणवतो.

तो उलटा कोपरा सर्वांत मोलाचा ठरला. हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि कुठेही यंत्रासारखा तंतोतंत सारखा नसतो. आम्ही पाठच्या बाजूचा जवळून फोटो घेतला आणि टाक्यांशेजारी रुपयाचं नाणं ठेवलं, म्हणजे टाका किती बारीक आहे ते बघणाऱ्याला आपोआप कळावं. त्याआधी जवळपास प्रत्येकजण विचारायचं, "मशीनची आहे का?" आणि नंतर, "एवढी महाग का?" नाण्याचा फोटो लावल्यापासून पहिला प्रश्न जवळजवळ थांबला आणि दुसरा कमी झाला. तुमच्या कामातही अशी एखादी जागा असेल जिथे हात दिसतो: मातीच्या मण्यावर बोटाचा ठसा, ब्रशचा फराटा, गाठ. ती शोधा आणि जवळून दाखवा.

शिवणाऱ्या बाईचं नाव चिठ्ठीवर लिहायचं असेल तर आधी तिला विचारा. आमच्याकडे चौघींपैकी एकीने नको म्हटलं. तिच्या गोधड्यांवर फक्त गावाचं नाव असतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. कॅटलॉग बनवता येतो, गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात. आम्ही 'चौकशी', 'आगाऊ रक्कम आली', 'शिवायला दिली', 'पाठवली' अशी लेबलं ठेवली आहेत. नव्या माणसाला माहीत नसते ती गोष्ट म्हणजे ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय: एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणजे दोनशे नंबरांची यादी केली तरी निरोप चाळीसच जणांना गेला असं होऊ शकतं. यावर आमचा छोटा प्रयोग: पार्सलमधल्या कार्डावर लिहिलं, "नंबर सेव्ह करा, गोधडी कशी धुवायची ते पाठवते." लोकांनी नंबर जतन केला, कारण त्यात त्यांचा उपयोग होता. मात्र महिन्याला दोनच निरोप पाठवायचे असा नियम ठेवला आहे. रोज सुप्रभातची फुलं पाठवणाऱ्या नंबराचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

गिऱ्हाइकाच्या साडीची गोधडी

हा प्रयोग आम्ही केवळ बघू म्हणून केला आणि आज तोच आमच्या कामाचा कणा आहे. एक बाई आईच्या दोन नऊवारी घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. साड्या नेसायच्या नव्हत्या आणि टाकवतही नव्हत्या. आम्ही त्यांची गोधडी केली, तेव्हा त्या टेबलापाशी उभ्या राहून काठावरून हात फिरवत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्यांच्या घरातूनच तिघांच्या ऑर्डरी आल्या.

अशा कामाला विक्रीसाठी आधी माल शिवून ठेवावा लागत नाही, कापडाचा खर्च कमी होतो आणि घासाघीस जवळपास होत नाही. पण जबाबदारी मोठी असते. साडी घेताना तिचा फोटो गिऱ्हाइकासमोर काढा. जीर्ण झालेली जागा, डाग, फाटलेला पदर त्यांना दाखवून लिहून घ्या. रंग जातो का ते कोपरा ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा. पाच बाय सातच्या गोधडीचे दोन थर एका नऊवारीत आरामात निघतात, मधल्या थरांसाठी आपलं कापड लागेल हे आधी सांगा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आणि तारीख देताना हातांच्या हिशेबाचा कागद समोर ठेवा, भीडेखातर लवकरची तारीख देऊ नका.

प्रदर्शन

पुण्यात डिसेंबरात भरणारी भीमथडी जत्रा, मुंबईत बचत गटांसाठीचं महालक्ष्मी सरस, वर्षाच्या सुरुवातीला भरणारा काळा घोडा कला महोत्सव (हा १९९९ पासून चालू आहे) ही मोठी नावं. अशा ठिकाणी अर्ज काही महिने आधी करावे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी तुमच्या वस्तूंचे फोटो बघून निवड होते. म्हणून आधीचा फोटोंचा प्रयोग इथेही कामी येतो. पण पहिल्या वर्षी स्टॉल घेऊच नका. नुसतं बघायला जा. आपल्यासारख्या वस्तूच्या स्टॉलसमोर तासभर थांबा. किती जण थांबतात, काय हातात घेतात, काय विचारून निघून जातात, ते वहीत लिहा. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं. ते त्यांच्या प्रदर्शनांसाठी उपयोगी पडतं, जमल्यास काढून ठेवा.

आम्ही एका खासगी प्रदर्शनात पैसे भरले आणि जागा मिळाली जनरेटरच्या शेजारी. दोन दिवस ओरडून बोलावं लागलं, धुराचा वास कापडात बसला आणि परत आल्यावर सगळा माल धुवावा लागला. तेव्हापासून आयोजकाकडून आधी नकाशा मागून घेते, आपला स्टॉल त्यावर कुठे आहे ते लिहून घेते आणि मगच पैसे देते.

टेबलावर करण्यासारखा प्रयोग: एका दिवशी किमतीच्या चिठ्ठ्या लपवून ठेवा, दुसऱ्या दिवशी समोर दिसतील अशा ठेवा. आमच्याकडे किंमत दिसत होती त्या दिवशी जास्त माणसं थांबली. आपल्याकडे किंमत विचारायला लोक संकोचतात. विचारून न घेता निघायचं कसं, या विचाराने हातच लावत नाहीत. आणखी एक: सगळ्या गोधड्या घड्या घालून रचू नका. एक मोकळी ठेवा आणि ती बघणाऱ्यांसाठीच राहू द्या. संध्याकाळपर्यंत ती मळते, पण त्या एका गोधडीने बाकीच्या विकल्या जातात.

पैसे देऊन जाहिरात

इन्स्टाग्रामवरची पैसे देऊन केलेली जाहिरात शेवटी. आधी फोटो, कॅटलॉग आणि उत्तर देण्याची पद्धत नीट बसू द्या. फाटक्या पिशवीत पाणी भरून उपयोग नाही. पहिल्यांदा दिवसाला १५० रुपयांप्रमाणे सात दिवस, म्हणजे १,०५० रुपये ठेवा, आणि ते गेले तरी चालतील असं मनाशी ठरवून ठेवा. एकच वस्तू, एकच फोटो, एक-दोन शहरं. जाहिरातीवरून थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी सोय असते, आणि तिथे आधीच लिहिलेलं वाक्य देता येतं. त्या वाक्यात एखादा खास शब्द ठेवा, म्हणजे चौकशी जाहिरातीतून आली हे लगेच कळेल. आठव्या दिवशी फक्त ऑर्डरी मोजा. १,०५० भागिले ऑर्डरी. उत्तर चारशेच्या आत आलं तर पुन्हा करा, बाहेर गेलं तर थांबा आणि फोटो बदलून महिन्याने बघा.

सवलतीचा प्रयोग मी करत नाही आणि नव्या माणसाला करू नका असंच सांगते. चार हजारांची गोधडी तीन हजारांना दिली की ते हजार रुपये कुठून तरी येतात, आणि हाताच्या कामात ते शेवटी शिवणावळीतूनच येतात. शिवाय ज्यांनी पूर्ण पैसे दिले त्यांना वाईट वाटतं. कमी पैशांत काही द्यायचंच असेल तर लहान वस्तू करा.

वस्तूचं वर्णन खरं लिहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्या अस्सल वस्तूसाठीच राखलेलं आहे. पैठणीलाही ते आहे. यंत्रमागाचा काठ लावलेल्या पिशवीला 'पैठणी पिशवी' म्हणू नका, 'पैठणीसारख्या काठाची' म्हणा. लहान व्यवसायांसाठीची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कुणाला त्यासाठी पैसे देऊ नका. जीएसटीची नोंदणी वस्तू विकणाऱ्यांना महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण परराज्यातल्या विक्रीचे आणि मोठ्या ऑनलाइन बाजारांचे नियम वेगळे आहेत. तिथे माल टाकण्याआधी कर सल्लागाराशी एकदा बोलून घ्या.

एक पूर्ण प्रयोग: संक्रांतीचं वाण

आपल्या दिनदर्शिकेतच विक्रीच्या कितीतरी जागा आहेत. बारसं, बोरन्हाण, डोहाळजेवण, मुंजीतली परतीची भेट. त्यातलं संक्रांतीचं वाण लहान व्यवसायाला सर्वांत सोयीचं, कारण एकाच बाईकडून एकदम पंचवीस किंवा एक्कावन्न नगांची ऑर्डर येते आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. प्रत्येक वाण एकेका नव्या घरात जातं. तिथे आपली वस्तू हाताला लागते, आणि वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच तयार होतं.

आम्ही उरलेल्या तुकड्यांचे हातशिलाईचे छोटे बटवे केले, काही काळ्या कापडावर, कारण संक्रांतीला काळं चालतं. ८० रुपयांच्या आसपास किंमत ठेवली, कारण वाणाचा खर्च बायका नग गुणिले किंमत असाच करतात आणि शंभरच्या पुढे गेलं की प्लास्टिकच्या डब्यांकडे वळतात. बटव्याच्या आत एक बोटभर कापडी पट्टी शिवली, त्यावर आमचं नाव आणि नंबर. कागदी चिठ्ठी त्याच दिवशी फेकली जाते, शिवलेली पट्टी राहते. बटव्याला हाताचा टाका कमी लागतो, म्हणून एकीने दिवसाला चार केले तरी चौघींचे महिन्याला चारशेहून अधिक होतात. पण त्या महिन्यात गोधड्या होत नाहीत, हे ऑर्डर घेतानाच धरलं.

पहिल्या वर्षी फक्त तीन बायकांच्या ऑर्डरी घेतल्या, मुद्दाम. मार्चअखेर वही उघडली तेव्हा गोधडीची चौकशी करणाऱ्यांपैकी सात जणींनी "वाणात बटवा आला होता" असं सांगितलं होतं, त्यांतल्या दोघींनी गोधडी घेतली होती. दुसऱ्या वर्षी आठ बायकांच्या ऑर्डरी घेतल्या.

तुम्हाला हा प्रयोग करायचा असेल तर तारखा उलट मोजत या. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास. वाण हातात पडायला हवं ५ जानेवारीपर्यंत. ऑर्डरी बंद करायच्या १० डिसेंबरला. नमुना फोटोसकट दिवाळीच्या फराळाला भेटणाऱ्या बायकांच्या हातात द्यायचा. म्हणजे कापड कापायला बसायचं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.